सरस वाळेपर्यंत

आमच्या कारखान्यात वेळ घड्याळात मोजत नसत, सिगारेटीत मोजत. सगळ्या बाइंडरांचं मला माहीत नाही, पण मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते माझे भाऊजी तसंच मोजायचे. शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याला पाठीवर गरम सरस लावला की थांबायचं. घाई केली तर हातोडी मारताना पानं घसरतात आणि पाठ वाकडी होते. उशीर केला तर सरस कडक होऊन तडकतो. मधली जी वेळ असते तेव्हाच हातोडीचे हलके ठोके देत पाठीला गोलाई आणायची, म्हणजे पुस्तक पन्नास वर्षं उघडझाप सोसतं. ती मधली वेळ म्हणजे एक सिगारेट. पुस्तक जाड असेल तर दीड. सतराव्या वर्षी मी विचारलं, "भाऊजी, किती थांबायचं?" त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, एक हातात दिली आणि म्हणाले, "ही संपेपर्यंत." एका दिवसात दोन गोष्टी शिकलो.

कागदाच्या ढिगाऱ्यात आगीशी खेळणारे आम्ही दोन शहाणे. पण खिडकीचा नियम कडक होता. सरस लावायचा, गठ्ठा घेऊन खिडकीच्या कट्ट्याशी जायचं, राख बाहेर झटकायची, थोटूक पाण्याच्या डब्यात टाकायचं, मग हातोडी. अशी तीस वर्षं गेली. ताई म्हणायची, तुमची पुस्तकं उघडली की धुराचा वास येतो. खोटं नव्हतं ते. एका वाचनालयाने तशी चिठ्ठीच पाठवली होती, ती भाऊजींनी भिंतीवर डकवली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी सोडली. एका गिऱ्हाईकाकडे पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होतो, तर दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसकण मारावी लागली. वरून खाली येणाऱ्या एका म्हातारबाईंनी माझ्या हातातला एक गठ्ठा घेतला आणि पोचवून आल्या. सत्तरीच्या पुढच्या असतील. त्या परत खाली येईपर्यंत मी तिथेच होतो. त्याच पायरीवर कानाला खडा लावला.

पहिला आठवडा कसा गेला ते विचारू नका. लवंगा चघळल्या, पेन्सिली चावल्या, बायकोवर खेकसलो, मग तिची माफी मागितली, मग पुन्हा खेकसलो. हे सगळं मी धरूनच चाललो होतो. धरलं नव्हतं ते एवढंच, की सिगारेटीबरोबर माझं घड्याळही जाईल. सरस लावून उभा राहिलो की किती वेळ झाला काही कळेना. एका वकिलाची कायद्याची सहा पुस्तकं आली होती. पहिल्या तिन्हींच्या पाठी वाकड्या झाल्या, चौथी तडकली. मी तोंड पाडून स्टुलावर बसलो. भाऊजी पुठ्ठे कापत होते. मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही लावा एक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पातं सोडून ते खाली जाऊन आले. थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन त्यांनी एक पेटवली. मी लांब उभा राहून ती संपायची वाट पाहिली आणि मग हातोडी मारली. पाचवी आणि सहावी पाठ अगदी घोटून काढल्यासारखी आली.

तेव्हापासून ती पद्धतच पडली. मी सरस लावायचा आणि हाक मारायची, "भाऊजी, लावा एक." दिवसातून सात-आठ वेळा. ते ओढायचे, मी बघायचो. आणि सहा वर्षं मी गावभर नाकाने कांदे सोलत हिंडलो. पोस्टमनला उपदेश केला, शेजारच्या चष्मेवाल्याला केला, लग्नकार्यात तर लोक मला पाहून जिन्याखाली लपायचे. "इच्छाशक्ती लागते," असं मी म्हणायचो. भाऊजी ते ऐकून म्हणायचे, "आमचे मेव्हणोबा म्हणजे तपस्वी माणूस," आणि हसता हसता खोकायचे.

मग त्यांचा पाय दुखायला लागला. आधी चालताना पोटरीत, मग बसल्या जागी. आमच्या पुठ्ठा कापायच्या यंत्राला खाली पेडल आहे. ते उजव्या पायाने दाबलं की लोखंडी पट्टी पुठ्ठ्यावर घट्ट बसते, आणि मग हाताने पातं ओढायचं. ते पेडल चाळीस वर्षं भाऊजींच्या पायाखाली होतं. आता दोन पुठ्ठे कापले की ते थांबायचे. उजव्या पायाचा अंगठा आधी निळसर झाला, मग काळा. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. ताईने एक दिवस मोजा ओढून काढला तेव्हा कळलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंसमोर आम्ही तिघं बसलो होतो. बाई चाळिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी विचारलं, "दिवसाला किती?"

भाऊजी म्हणाले, "सहा माझ्या. आठ कामाच्या."

"कामाच्या म्हणजे?"

"सरस वाळेपर्यंतच्या."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी कागदावर चौदा लिहिलं. ताईला कळलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अंगठा काढावा लागेल," बाई म्हणाल्या. "पायाच्या नसा आकसल्यात, रक्त पोचत नाही. सिगारेट पूर्ण बंद केलीत आणि रोज चाललात, तर पाय राहील. पुन्हा सुरू केलीत तर मी गुडघ्याखालून कापेन. एक ओढली की दुसरी येते, म्हणून मी एकीलाही परवानगी देत नाही."

बाहेरच्या बाकावर ताई माझ्या शेजारी बसली. लहानपणी ती मला सरळ धपाटा घालायची. त्या दिवशी घातला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या वाटच्या पण त्यांनीच ओढल्या रे."

ती आत गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. सहा वर्षं मी ज्याची शेखी मिरवत होतो ते काय होतं? मी सिगारेट सोडली नव्हतीच. माझ्या तोंडातली काढून भाऊजींच्या तोंडात दिली होती, आणि वर त्यांनाच खोकताना ऐकत होतो. मला माझीच लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या बाकावर, सहा वर्षांत वाटली नव्हती इतकी, एक ओढावीशी वाटली. दवाखान्याच्या फाटकापाशी एक माणूस ओढत उभा होता. मी त्याच्या दिशेने वीस पावलं चाललो, मग वळलो आणि पायीच घरी गेलो.

अंगठा गेला. भाऊजी दोन महिने घरी. ताईने घरातल्या काड्यापेट्यासुद्धा शेजारी देऊन टाकल्या. मी रोज संध्याकाळी जायचो. ते छताकडे बघत पडलेले असायचे. मी मनाशी ठरवलं होतं की हा माणूस परत येईल तेव्हा कारखान्यात "लावा एक" हे शब्द उच्चारायचे नाहीत. मेलो तरी नाही.

ठरवलं खरं, पण काम थांबत नव्हतं. वाचनालयाची जुन्या वर्तमानपत्रांची बेचाळीस बाडं आली होती, हातभर उंच, चार बोटं जाड. शिवण झाली, पाठी राहिल्या. मी स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ आणलं आणि दहा मिनिटं लावून पाहिलं. सकाळी हवा दमट असली की दहा मिनिटांनी सरस अजून ओलाच. दुपारी ऊन खिडकीतून आलं की सहा मिनिटांत कडक. पाच बाडं बिघडली. त्यांच्या पाठी भिजवून, खरवडून पुन्हा करायच्या म्हणजे जुन्या कागदाचा जीव जातो.

मग मला अक्कल सुचली. अक्कल कसली, हात दाखवून अवलक्षण. मी विचार केला, सिगारेट जळायला हवी, ओढायला थोडीच हवी? कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाकीट आणलं. सहा वर्षांनी हातात घेतलं, तर अंगठ्याने आपला आपण त्यावरचा कागद सोलला. मी एक काढली, सांडशीत धरली, सरसाच्या शेगडीच्या लाल तारेवर पेटवली आणि डब्याच्या पत्र्याच्या झाकणात आडवी ठेवली. तोंडाला लावली नाही. याचा मला अभिमान वाटत होता, काय सांगू. बरं, न ओढता जळणारी सिगारेट संथ जळते, म्हणून अर्ध्यावर खूण केली. पहिलं बाड बरं आलं. दुसरं ठीक. काहीतरी साधतंय असं वाटलं, आणि खिडकीचा नियम मी कधी मोडला ते माझं मलाच कळलं नाही. झाकण टेबलावरच होतं.

पहिल्या दिवशी मी त्या झाकणापासून चार हात लांब उभा होतो. दुसऱ्या दिवशी दोन हात. तिसऱ्या दिवशी मी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, नाक त्या धुराच्या रेषेत धरून उभा होतो, आणि बाडाकडे माझं लक्षही नव्हतं. सोडून सहा वर्षं झाली म्हणजे सुटली असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या दिवशी बघायला हवं होतं. ती कुठेही गेली नव्हती. कारखान्याच्या दाराशी बसून होती, मी कधी ये म्हणतोय त्याची वाट बघत.

तेवढ्यात दार वाजलं. मी दचकून सरळ झालो, हातोडी उचलली आणि बाड पुढ्यात ओढलं. दारात काठी टेकत भाऊजी उभे. उजव्या पायात मोठ्या मापाची चप्पल. रिक्षाने आले होते, ताईला न सांगता.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग झाकण पाहिलं.

"लावलीस?"

"ओढत नाहीये, भाऊजी. शपथ. घड्याळ आहे ते. पाठींसाठी."

"घड्याळ," ते म्हणाले. ते चालत टेबलापाशी आले. एक-एक पाऊल मोजून. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तहानलेल्या माणसाला पाणी ओतल्याचा आवाज यावा तसा चेहरा झाला होता. काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि त्यांनी ती सिगारेट दोन बोटांत उचलली. इतकी सहज, की जणू दोन महिने मध्ये गेलेच नव्हते. माझ्या एका हातात हातोडी, दुसरा हात बाडावर. सिगारेट त्यांच्या ओठांपासून तीन बोटांवर होती.

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? डॉक्टरबाई नाही, ताई नाही. ते पेडल आलं. त्यावर कुणाचाच पाय नाही असं.

हातोडी कुठे पडली माहीत नाही. मी त्यांच्या बोटांतून ती पेटती सिगारेट मुठीत धरून खेचली. हात भाजला. टाकायची कुठे, तर समोर सरसाचं भांडं होतं, त्यात टाकली. चर्र झालं. मग खिशातलं पाकीट काढलं, आत सोळा होत्या, ते सगळं त्यात कोंबलं आणि लाकडी पळीने खाली दाबून धरलं. दोन किलो सरसाचं वाटोळं झालं.

"अरे, सरस कशाला नासवलास," भाऊजी म्हणाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांची बोटं अजून सिगारेट धरल्यासारखीच होती. मी माझ्या तळहातावर पाणी ओतत होतो.

"मी माफी मागायच्या लायकीचा नाही," मी म्हणालो. "सहा वर्षं मीच तुम्हाला ओढायला लावली."

"लावलीस," ते म्हणाले. त्यांनी मला सोडलं नाही, आणि ते बरंच झालं. "तुला एक सांगितलं नव्हतं. तू सोडलीस ना, त्याच आठवड्यात मी पण सोडली होती. बोललो नाही कुणाला, म्हटलं आधी जमू दे. तू बघितलंही नाहीस, तुझंच तुला जड झालं होतं. चार दिवस काढले मी. पाचव्या दिवशी ती वकिलाची पुस्तकं."

मी हातावरचं पाणी थांबवलं. त्यांचं ते बघणं मला आठवलं. पुठ्ठे कापता कापता वळून बघितलं होतं ते. मी म्हणालो होतो, भाऊजी, तुम्ही लावा एक.

"पाकीट नव्हतं माझ्याकडे तेव्हा," ते म्हणाले. "खाली जाऊन आणलं."

मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हाताला ओलं फडकं बांधून, बिघडलेल्या सरसासमोर उभा राहून रडलो. भाऊजींनी रडू दिलं. मग काठीच्या टोकाने त्यांनी टेबलावरचं बाड माझ्याकडे सरकवलं.

"ते सोड. पाठ बघ. वाळत चालली."

"आता कशाने बघू?"

"तेच सांगायला आलो होतो, तर इथे तुझा हा तमाशा." ते उठले आणि माझा चांगला हात धरून त्यांनी माझ्या तर्जनीची नखाकडची बाजू सरसावर टेकवली. "घरी पडल्या पडल्या मी मनातल्या मनात पुस्तकं बांधायचो. दुसरं काय करणार. रोज तीन-चार. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की झुरका मारला की माझं बोट पाठीवर जातंय. प्रत्येक झुरक्याला. मला चाळीस वर्षं पत्ता नाही. चिकटतंय?"

"नाही."

"गार लागतंय?"

"थोडं."

"मग आत्ता."

मी टेबलाखालून हातोडी शोधून आणली. भाजलेल्या हाताने बाड धरलं आणि ठोके दिले. कागद न घसरता, न तडकता, मधून वर येत गेला. तशी पाठ मला सहा वर्षांत एकदाही साधली नव्हती.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग सिगारेट कशाला होती?"

"आवडायची," भाऊजी म्हणाले. "दुसरं काय."

पुढच्या आठवड्यापासून ते कामावर यायला लागले. ताईने अट घातली की रोज सोडायला आणि न्यायला मी जायचं, आणि तिने मला धपाटाही घातला, त्यामुळे आमचं पुन्हा सुरळीत झालं. सरस वाळेपर्यंतच्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. हाताला, तोंडाला ती वेळ माहीत होती. सरस लागला रे लागला की दोघांच्याही माना खिडकीकडे वळायच्या. डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलंच होतं, तर आम्ही चालायला लागलो. पुठ्ठ्याच्या यंत्रापासून दारापर्यंत, दारापासून यंत्रापर्यंत. दर फेरीला टेबलापाशी थांबून बोट लावायचं. सुरुवातीला भाऊजी दोन फेऱ्यांत बसायचे आणि मला शिव्या द्यायचे. मी म्हणायचो, द्या, पण उभं राहून द्या. उन्हाळ्यापर्यंत बारा फेऱ्या झाल्या. आता चष्मेवाला कधीकधी येऊन आमच्याबरोबर दोन मारतो. त्याला उपदेश करणं मी बंद केलंय, आणि त्याने स्वतःहून ओढणं निम्म्यावर आणलंय.

सोपं झालंय असं मात्र नाही. मागच्याच महिन्यात मला स्वप्न पडलं, मी खिडकीत उभा राहून मजेत ओढतोय. जागा झालो, आणि खरी ओढली नाही हे कळल्यावर आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला सांगता येणार नाही. भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाही पडतं, फक्त त्यांच्या स्वप्नात दहाही बोटं असतात पायांना. मग आम्ही सरस लावला आणि फेऱ्या मारल्या. अशी ओढ लागते तेव्हा मी स्वतःला एकच सांगतो, की माझी एक ही माझी एकट्याची नाही. ती या माणसाच्या पायातून जाते.

परवा भाऊजींना तपासणीला नेलं होतं. आम्ही तिघंच, त्याच बाकावर. नर्स कागद भरत होती. भाऊजींचं झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. "घरात, कामावर बरोबर असणाऱ्यांचंही लिहायचंय. तुम्ही ओढता?"

"नाही. सोडली."

"किती वर्षं झाली सोडून?"

"सात वर्षं होऊन गेली याला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. तिने मला माफ केल्याचं मला तेव्हा पक्कं कळलं.

"एक वर्ष दोन महिने," मी म्हणालो.

नर्सने पेन थांबवलं. ताई काहीतरी बोलणार होती, पण भाऊजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"एक वर्ष दोन महिनेच लिहा त्याचे," ते नर्सला म्हणाले. "आणि माझे त्याच्याहून दोन महिने जास्त." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि चार दिवस."